स्वामीजींचे अजीर्ण

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रम या गावी विवेकानंद जन्मोत्सवाची सांगता होते, तेव्हा शेतात पंगती बसतात. लाखावर माणसे मांडी घालून जमिनीवर बसतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमाची ही प्रथा बुलढाणा जिल्ह्यात घरोघरी ठाऊक आहे. पुरी तीच, भाजी तीच. पण घरी परतताना एकाला वाटते, अजून दोन पुऱ्या सहज चालल्या असत्या. दुसऱ्याचे पोट दगड ठेवल्यासारखे जड झालेले असते. तिसऱ्याचे चार घासांतच पोट भरलेले असते आणि पुरी पानात तशीच राहिलेली असते. चौथा रात्रभर छातीखाली जळजळते म्हणून कूस बदलत राहतो.

ज्यांच्या नावाने ही पंगत बसते, त्या स्वामी विवेकानंदांना पोटाचे दुखणे चांगले परिचयाचे होते. उण्यापुऱ्या 39 वर्षांच्या आयुष्यात त्यांना मधुमेह, दमा, निद्रानाश, पायांवरची सूज अशा अनेक व्याधींनी गाठले. अजीर्ण हा त्यांतला जुना सोबती. त्यांच्या पत्रांत त्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. कधी पोट बिघडल्याची तक्रार, कधी ते सुधारल्याचा आनंद. हे आयुष्य आजच्या नजरेने पाहिले, तर जुनाट अपचनाबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट समजते. पोट काय सांगते आणि पोट प्रत्यक्षात काय करते, यांचा हिशेब सरळ जुळत नाही.

आखाड्यापासून उपासापर्यंत

नरेंद्रनाथ दत्त यांचा जन्म 12 जानेवारी 1863 रोजी कलकत्त्यात झाला. वडील विश्वनाथ दत्त हे कलकत्ता उच्च न्यायालयात वकिली करत. घर खातेपिते होते आणि वडिलांना उत्तम खाण्याची व खिलवण्याची हौस होती. नरेंद्राने आखाड्यात कुस्ती आणि कसरत केली. अंगापिंडाने तो मजबूत होता.

1884 साली वडील अचानक गेले आणि घरावर कर्जाचा डोंगर उभा राहिला. नोकरीच्या शोधात नरेंद्र उन्हात अनवाणी फिरे. घरात सगळ्यांना पुरेल इतके नाही असे दिसले, की बाहेर जेवायचे आमंत्रण आहे असे आईला सांगून तो निघे आणि दिवस उपाशी काढी. 1886 च्या ऑगस्टमध्ये गुरू श्रीरामकृष्ण घशाच्या कर्करोगाने गेले. त्यानंतर तरुण शिष्य वराहनगरच्या एका पडक्या घरात राहू लागले. तिथे भिक्षेवर गुजराण चाले. कधी काहीच नसे, कधी भात असे तर मीठ नसे, आणि कित्येक दिवस भाताबरोबर तोंडलीची उकडलेली पाने एवढेच जेवण असे.

पुढे प्रकृती सुधारावी म्हणून ते 1889 मध्ये सिमुलतल्याला गेले, तर तिथल्या उन्हाळ्यात जुलाबांनी हैराण होऊन परतले. 1890 नंतर देशभर भ्रमंती सुरू झाली. कुठे संस्थानिकाच्या महालातले पंचपक्वान्न, कुठे दोन दिवस पाण्यावर. तिखटाची आवड मात्र जबर होती. मिरच्या ते सहज चावून खात.

या काळाने त्यांचे पोट कायमचे बिघडवले, असे ठामपणे म्हणता येणार नाही. उपासाने जठर झिजत नाही. पण जुलाब-उलटीचा एखादा जोरदार आजार बरा झाल्यावर काही लोकांचे पोट महिनोन्‌महिने नाजूक राहते, हे आता सिद्ध झाले आहे. जंतू निघून जातो, पण जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग यांच्या नसा हळव्या होऊन बसतात. त्या काळच्या प्रवासी संन्याशाला दूषित पाणी आणि शिळे अन्न यांपासून सुटका नव्हती.

बेळगावातला सल्ला

1892 मध्ये ही भ्रमंती महाराष्ट्रात आली. पुण्यात ते लोकमान्य टिळकांच्या घरी राहिले आणि कोल्हापूरमार्गे ऑक्टोबरमध्ये बेळगावला पोहोचले. तिथे आधी भाटे वकिलांकडे आणि मग वन खात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे त्यांचा मुक्काम होता.

मित्र यांना निरनिराळ्या तक्रारींसाठी सतत औषधे घेण्याची सवय होती. ते पाहून स्वामीजींनी दिलेला सल्ला मित्र यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. त्याचा सारांश असा: दुखणे माणसाला अंथरुणाला खिळवील तेव्हा औषध घ्यावे, एरवी नाही. नसांच्या अशक्तपणासारखी बहुतेक दुखणी निव्वळ कल्पनेतली असतात. अशा रोग्यांना डॉक्टर वाचवतात त्यापेक्षा मारतात जास्त. तेव्हा रोगाचा विचार सोडावा आणि आनंदाने राहावे.

हा सल्ला अर्धा बरोबर होता. प्रत्येक ढेकरेला गोळी लागत नाही आणि दुखण्यावर सतत लक्ष ठेवले की ते वाढते, ही निरीक्षणे आजही टिकतात. पण अशी दुखणी कल्पनेतली असतात, हा भाग टिकत नाही. तो सल्ला देणाऱ्याच्याच वाट्याला पुढची दहा वर्षे पोट, झोप आणि श्वास यांची खरीखुरी दुखणी आली. आजही दुर्बिणीची तपासणी साफ आली, की रुग्णाला घरी ऐकावे लागते, काही नाही झालेले, मनाचे खेळ आहेत. पोट मात्र दुखतच असते. मग तो माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे, तिसऱ्या तपासणीकडे धावतो, किंवा गुपचूप सोडा आणि गॅसच्या गोळ्या खात वर्षे काढतो.

पोट नेमके करते काय

जठर म्हणजे नुसती पिशवी नव्हे. त्याचे तीन भाग तीन कामे करतात. वरचा भाग घास उतरताच सैलावतो. रिकाम्या जठरात जेमतेम वाटीभर मावते, पण हा भाग सैल पडतो म्हणून आतला दाब फारसा न वाढता लिटरभर अन्न सामावते. खालचा भाग जात्यासारखा आहे. मिनिटाला साधारण तीन या गतीने लाटा उठतात आणि अन्न दळून एक-दोन मिलिमीटरचे कण करतात. त्यापुढचे दार तेवढेच बारीक कण लहान आतड्यात सोडते. नेहमीच्या घट्ट जेवणापैकी चार तासांनी जठरात दहा टक्क्यांहून कमी उरलेले असते.

तेल-तुपाने हे काम मंदावते. लहान आतड्यात स्निग्ध पदार्थ पोहोचले, की तिथून संप्रेरके सुटतात आणि जठराला सावकाश घ्यायचा निरोप जातो. म्हणून पुरी भाकरीपेक्षा जास्त वेळ पोटात राहते. तिखटाचे काम वेगळे आहे. मिरचीतले कॅप्सेसिन जळजळीची जाणीव देणाऱ्या नसांना थेट चेतवते. हळव्या पोटाला ते पटकन जाणवते.

या सगळ्यावर मेंदूचा लगाम असतो. वेगस नावाची लांब नस मेंदूपासून जठरापर्यंत जाते. तिच्यातून जठराकडे हुकूम जातात, त्याहून कितीतरी जास्त बातम्या जठराकडून वर येतात. एरवी या बातम्या आपल्या जाणिवेपर्यंत पोहोचत नाहीत. जुनाट अपचनात त्या पोहोचू लागतात.

मांजर रागावते तेव्हा

1896 च्या मार्चमध्ये विवेकानंदांनी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात वेदान्तावर व्याख्यान दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस हार्वर्डच्याच वैद्यकीय शाखेत वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याने एक प्रयोग हाती घेतला. क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम वर्ष झाले होते. अन्नात बिस्मथ मिसळले की ते क्ष-किरणांत दिसते. कॅननने असे अन्न मांजरांना खाऊ घातले आणि जिवंत जठराच्या लाटा डोळ्यांनी पाहिल्या. मांजर बिथरले किंवा रागावले, की लाटा थांबत. शांत झाले, की पुन्हा सुरू होत.

याची चाहूल आधीच लागली होती. 1822 मध्ये अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जखम भरताना जठराला बाहेरून कायमचे भोक राहिले. डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी त्या भोकातून अनेक वर्षे पचन पाहिले आणि 1833 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. रागाच्या भरात आणि तापात जठराचे रूप व काम बदलते, हे त्यांनी नोंदवले. म्हणजे मनाचा पोटावर परिणाम होतो, ही कल्पना नसून दिसणारी गोष्ट आहे. बेळगावच्या सल्ल्यातली उणीव इथे भरून निघते. मनातून सुरू झालेले दुखणेही शरीरातच घडते.

अलमोऱ्याचा घोडा

जानेवारी 1897 मध्ये विवेकानंद परदेशातून परतले. कोलंबोपासून कलकत्त्यापर्यंत मिरवणुका, सत्कार, व्याख्याने यांची रीघ लागली. शरीर थकून गेले. याच सुमारास मधुमेह असल्याचे कळले. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. आधी दार्जिलिंग, आणि 1 मे रोजी रामकृष्ण मिशनची स्थापना झाल्यावर हिमालयातले अलमोडा.

तिथून सुमारे 20 मैलांवरच्या एका बागेत ते राहिले. सकाळ-संध्याकाळ घोड्यावर लांबची रपेट सुरू केली, व्यायाम केला. थोड्याच दिवसांत त्यांनी कलकत्त्यातल्या डॉक्टर मित्राला उल्हासाने कळवले, की लहानपणी कुस्ती करत असे तेव्हापासून इतके बरे कधी वाटले नव्हते. शरीर असणे हेही सुख आहे, असे त्यांना पुन्हा वाटू लागले होते.

मग काय बदलले? जठर लवकर रिकामे होऊ लागले, की तेच जठर आता कमी बोचू लागले? थंड हवा, शांत झोप, सभा नाहीत, पत्रांचा ढीग नाही, रोज घाम गाळणे. यांतल्या कशाने किती काम केले, हे कुणी मोजले नाही आणि मोजण्याचे साधनही तेव्हा नव्हते. पण दुखणे कल्पनेतले नव्हते हे उघड आहे. विचार सोडून ते पळाले नाही. दिनक्रम बदलला तेव्हा ते हटले. आणि धावपळीचे दौरे पुन्हा सुरू झाल्यावर प्रकृतीच्या तक्रारीही परतल्या.

पुढे त्यांनी आहारावरही लिहिले. बाजारातल्या तळलेल्या पदार्थांना आणि हलवायाच्या मिठाईला त्यांचा कडाडून विरोध होता. घरचे साधे जेवण आणि अंगमेहनत यांचा आग्रह होता. स्वतः मात्र त्यांना चहा प्रिय, आइस्क्रीम तर फारच प्रिय. पथ्य माहीत असणे आणि ते पाळणे यांतले अंतर त्यांनाही चुकले नाही.

मोजमाप काय सांगते

आज जठराचे काम मोजता येते. किरणोत्सारी पदार्थाचा अगदी अल्प अंश मिसळलेला नाश्ता देऊन तो किती वेळात पुढे सरकतो, हे कॅमेऱ्याने पाहतात. जठरात फुगा ठेवून ते किती सैलावते आणि किती ताणाला दुखू लागते, हेही मोजतात. जुनाट अपचनाच्या, पण दुर्बिणीत व्रण वा गाठ न सापडलेल्या रुग्णांवर अशा चाचण्या झाल्या. सुमारे 40 टक्के जणांत जठराचा वरचा भाग पुरेसा सैलावत नाही. साधारण पाव ते एक तृतीयांश रुग्णांत जठर सावकाश रिकामे होते. सुमारे एक तृतीयांश रुग्णांचे जठर हळवे असते, इतरांना जाणवणारही नाही इतक्या ताणाला दुखते. काहींत दोन दोष एकत्र, तर काहींत यांतला एकही नाही.

वर्षानुवर्षे डॉक्टरांना वाटे, की पोट जड राहते म्हणजे अन्न पुढे सरकत नाही, आणि चार घासांत पोट भरते म्हणजे जठर सैलावत नाही. काही रुग्णांत हा मेळ बसतो. पण पुष्कळ जणांत बसत नाही. ज्याचे पोट मंद, त्याची तक्रार किरकोळ असते. ज्याचे पोट वेळेवर रिकामे होते, तो दिवसभर जडपणाने त्रासलेला असतो. औषधाने जठराचा वेग वाढतो, पण बरे वाटतेच असे नाही. आणि बरे वाटते तेव्हा वेग वाढलेला असतोच असेही नाही. म्हणून लक्षणांवरून जठराचा दोष ओळखता येत नाही, आणि तपासणी साफ आली म्हणून लक्षण खोटे ठरत नाही.

याचा उपचारावर थेट परिणाम होतो. जेवणानंतरचा जडपणा आणि लवकर पोट भरणे हा एक गट, पोटाच्या वरच्या भागातली कळ आणि जळजळ हा दुसरा, असे दोन गट आता मानतात. पहिल्यात थोडे थोडे आणि कमी तेलकट खाणे व जठराला चालना देणारी औषधे, दुसऱ्यात आम्ल कमी करणारी औषधे, असा आरंभ होतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला तर त्याचा पूर्ण उपचार करावा लागतो. या जंतूच्या शोधासाठी मार्शल आणि वॉरन यांना 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्याने भागले नाही, तर अमिट्रिप्टिलीनसारखे औषध अगदी कमी मात्रेत देतात. ते वेड्याचे औषध नव्हे. हळव्या नसांचा आवाज कमी करणारे औषध आहे.

शेवटचा दिवस

1898 नंतर विवेकानंदांची प्रकृती झपाट्याने उतरली. अमरनाथच्या यात्रेनंतर डॉक्टरांनी हृदय मोठे झाल्याचे सांगितले. दमा वाढला. 1901 मध्ये पायांवर सूज आली. तेव्हा एका कविराजांनी, म्हणजे वैद्यांनी, 21 दिवस पाणी आणि मीठ बंद करून केवळ दुधावर ठेवले. स्वामीजींनी ते पथ्य काटेकोर पाळले. सुजेत मीठ कमी करणे आजही योग्य मानतात, पण पाणी तोडणे कुणी घरच्या घरी करू नये. मधुमेहावर तेव्हा उपाय नव्हता. इन्सुलिन हाती यायला अजून वीस वर्षे होती. जुना मधुमेह वेगस नसेलाही इजा करतो आणि जठर खरोखर मंद पडते. त्यांच्या अखेरच्या वर्षांतल्या पोटाच्या तक्रारीत मधुमेहाचा वाटा असू शकतो.

4 जुलै 1902 हा दिवस मात्र चांगला उजाडला. बेलूर मठात सकाळी त्यांनी तीन तास एकांतात ध्यान केले. दुपारी सगळ्यांबरोबर पंगतीत बसून रुचीने जेवले. मग ब्रह्मचाऱ्यांना जवळपास तीन तास संस्कृत व्याकरण शिकवले. संध्याकाळी प्रेमानंदांबरोबर सुमारे दोन मैल चालून आले. रात्री नऊच्या सुमारास त्यांनी प्राण सोडला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, की हृदय थांबले, यावर तेव्हाच्या डॉक्टरांत एकमत झाले नाही.

त्या दुपारी पोट बरे होते, पण शरीर बरे नव्हते. इथे तो न जुळणारा हिशेब उलट बाजूने दिसतो. खूप दुखणारे पोट बहुधा धोक्याचे नसते, आणि खरा धोका पोटात काही न दुखताही असू शकतो. म्हणून अपचनाची तीव्रता पाहून घाबरू नये आणि सौम्यपणा पाहून निर्धास्त राहू नये. सोबत काय आहे ते पाहावे. वजन आपोआप घटणे, घास अडकणे, काळी शौच, रक्ताची उलटी, सतत उलट्या, रक्त कमी होणे, पोटात गाठ लागणे, किंवा पन्नाशीच्या आसपास अशी तक्रार पहिल्यांदाच सुरू होणे, यांत दुर्बिणीची तपासणी लांबवू नये. मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखूची सवय असलेल्या माणसाला चालताना पोटाच्या वर जड वाटले, घाम आला, दम लागला, तर ती गॅस नसून हृदयाची तक्रार असू शकते. सोडा पिऊन वाट पाहण्याऐवजी त्याच तासाला ईसीजी काढावा.

यांतले काहीच नसेल, तर अपचनाकडे अलमोऱ्याच्या वाटेने जावे. घोडा नसला तरी रोजचे चालणे, वेळेवर झोप, लहान जेवण, कमी तेल, कमी तिखट, तंबाखूला रजा, आणि दुखऱ्या सांध्यांसाठी मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांना आवर. पुढच्या जन्मोत्सवाला हिवरा आश्रमच्या शेतात पंगत बसेल, तेव्हा शेजारच्या पानावर पुरी तशीच राहिलेली दिसेल. त्या माणसाला अजून वाढून घ्यायचा आग्रह करू नये, आणि नखरे करतो असेही म्हणू नये. त्याचे पोट जे सांगते आहे, ते त्याच्यापुरते खरेच आहे.